जुलाब थांबले, आतडे सावरायला महिना लागला

गेल्या श्रावणात परभणीजवळच्या आमच्या गावी आधी नातवाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांनी मला. शौचात रक्त नव्हते, ताप किरकोळ होता, म्हणून डॉक्टरांनी विषाणूचा संसर्ग असल्याचे सांगून शरीरातले पाणी सांभाळण्यास बजावले. नातवासाठी 14 दिवसांच्या जस्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मी ग्लासात ओआरएसची, म्हणजे क्षार-साखरेची, अर्धी पुडी कालवत होतो. ते पाहून गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी स्वतः लिटरभर पाणी मोजून अख्खी पुडी त्यात विरघळवली. "काका, अंदाजाने नका करू, मीठ जास्त झालं तर बाधतं," असे त्या म्हणाल्या.

नातू लवकर सावरला. मला मात्र धीर निघाला नाही. मी डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणून पाच दिवस घेतली. जुलाब थांबले, पण दुधाचा चहा घेतला की तासाभरात पोट तट्ट फुगायचे आणि गुरगुरायचे.

पुन्हा दाखवल्यावर डॉक्टरांनी कागदावर लहान आतड्याचे आतले अस्तर काढून दाखवले. त्यावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज त्यांच्या वरच्या पेशींत असते आणि असे विषाणू नेमक्या याच पेशींची हानी करतात. पेशी काही दिवसांत नव्या येतात, पण त्यांना पूर्ण कामाला लागायला वेळ लागतो, तोवर न पचलेली साखर मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि वायू होतो. जुलाबाने या जिवाणूंचा समतोल आधीच ढळलेला असतो. त्यात माझ्या गोळ्यांनी विषाणूला काहीच केले नाही, उपयोगी जिवाणू मात्र मारले. तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करणारे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला मुख्य इंधन पुरवणारे जिवाणूही त्यांतलेच. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण आमच्याकडे जुलाब लागले की घरोघरी याच गोळ्या आणल्या जातात.

महिनाभर दूध बंद ठेवले. पत्नी ज्वारी जात्यावर भरडून रात्री ताकात भिजवायची आणि सकाळी मंद आचेवर कण्या शिजवायची. पहिले काही दिवस मी त्या चार-पाच चमचेच खात असे. मुगाचे वरण दुसऱ्या आठवड्यात पचू लागले, तुरीचे तिसऱ्यात. पाचव्या आठवड्यात अर्धा कप दुधाचा चहा घेऊन मी ओट्यावर बसलो, आणि दुपारपर्यंत पोट शांत राहिले.