बाबांच्या संगणकासाठी अँटिव्हायरस निवडताना

गेल्या दिवाळीत कराडला पोहोचले, तेव्हा फराळाचे ताट समोर येण्याआधीच बाबांनी मला संगणकापुढे बसवले. "अगं, चार दिवस झाले, मराठी उमटतच नाही. कळ मराठीची दाबतो आणि पडद्यावर इंग्रजीच येतं," ते म्हणाले. बाबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह म्हणून काम पाहतात. वार्षिक अहवाल, सभासदांची यादी आणि जुन्या इतिवृत्तांची त्यांनी स्वतः टंकलिखित केलेली प्रत, असे सगळे २०१७ साली घेतलेल्या त्या एकाच संगणकात आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन सूचना आळीपाळीने येत होत्या. अँटिव्हायरसची मुदत पंधरा दिवसांत संपत असल्याचे एक सांगत होती, आणि विंडोज १० ला मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याचे दुसरी.

मराठी का उमटत नाही, हे शोधायला अर्धा तास लागला. बाबा वापरतात ते टंकलेखनाचे सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या समान अक्षरसंकेतांच्या, आधीच्या काळातले आहे. दाबलेली प्रत्येक कळ ते मध्येच पकडते आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा संकेत पुढे पाठवते. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम नेमके हेच करतात, म्हणजे कळा मध्येच पकडतात. मुदत संपत आलेल्या त्या अँटिव्हायरसने कुठल्याशा नव्या अपडेटनंतर या सॉफ्टवेअरची मुख्य फाइल धोकादायक ठरवून विलगीकरणात टाकली होती. सूचना आली होती आणि बाबांनी 'ओके' दाबले होते. "लाल चौकोन आला की मी ओकेच दाबतो," हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितले, आणि माझ्या मते त्यात त्यांची काहीच चूक नाही, कारण त्या चौकोनातले एकही वाक्य मराठीत नव्हते.

ती फाइल मी व्हायरसटोटलवर तपासली. गूगलच्या मालकीच्या या सेवेत एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून एकाच वेळी तपासून मिळते. (तिथे चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, म्हणून वैयक्तिक कागदपत्रे तिथे कधीही चढवू नयेत.) तिघांनी तिला संशयास्पद म्हटले आणि उरलेल्या सर्वांनी निर्धोक. या निकालामुळे निवडीचा प्रश्न माझ्यासाठी पूर्णपणे बदलला. तोवर मी सर्वांप्रमाणेच विचारत होते की सर्वांत जास्त व्हायरस कोण पकडतो. बाबांच्या संगणकापुरता खरा प्रश्न असा होता, की व्हायरस पकडताना कामाच्या वस्तूंना हात न लावणारा कोण आहे.

अँटिव्हायरस कंपन्यांच्या दाव्यांपेक्षा स्वतंत्र चाचण्यांवर माझा अधिक विश्वास आहे. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्थांचे निकाल कोणालाही मोफत वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरसुलभता या तीन बाबींना प्रत्येकी सहा, असे एकूण अठरा गुण देते. यातील 'वापरसुलभता' हा शब्द फसवा आहे, कारण त्याखाली प्रामुख्याने खोट्या इशाऱ्यांचे, म्हणजे निर्धोक फाइलला धोकादायक ठरवण्याचे, प्रमाण मोजले जाते. लोक संरक्षणाचा रकाना पाहतात आणि तिथेच थांबतात. पण त्या रकान्यात नामांकित उत्पादनांमधला फरक बहुतेकदा टक्क्याच्या काही दशांशांचा असतो आणि पुढच्या महिन्यात तो उलटाही होतो. खोटे इशारे आणि भार यांच्या रकान्यांत मात्र फरक ठळक दिसतो, आणि रोजच्या वापरात तोच जाणवतो.

तरीही या चाचण्यांची एक मर्यादा बाबांच्या फाइलमुळे मला समजली. आजचे अँटिव्हायरस फाइलची 'पत' पाहतात: ती जगात किती संगणकांवर आहे, किती दिवसांपासून आहे, तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे. लाखो लोक वापरत असलेल्या ब्राउझरची पत आपोआप तयार होते. वीस वर्षांपूर्वीच्या, डिजिटल सही नसलेल्या आणि महाराष्ट्रातल्या मोजक्या टंकलेखकांकडे उरलेल्या मराठी सॉफ्टवेअरची पत कोण आणि कशी तयार करणार? म्हणून जुन्या फाँटवर काम करणाऱ्या प्रत्येक छापखान्याला, वकिलाच्या कचेरीला आणि वाचनालयाला माझी विनंती आहे की पैसे भरण्यापूर्वी महिन्याभराची मोफत चाचणी आवृत्ती घ्यावी आणि आपले मराठी सॉफ्टवेअर तिच्यासोबत रोज चालवून पाहावे.

मी तेच केले. दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर दूरस्थ जोडणीने अँटिव्हायरसचे तीन संच एकामागून एक बसवून पाहिले. एकामागून एक हे महत्त्वाचे आहे, कारण सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर ठेवले तर ते एकमेकांच्याच हालचाली अडवतात. दुसरा संच बसवला की डिफेंडर हा विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्टचा मोफत अँटिव्हायरस आपण होऊन बाजूला होतो आणि तो संच काढला की पुन्हा कामाला लागतो. पहिल्या संचात टंकलेखन चालले, पण त्याने ब्राउझरमध्ये स्वतःची जोडणी, एक मर्यादित व्हीपीएन (इंटरनेटवरील आपला वावर झाकणारी सेवा) आणि संगणक 'वेगवान' करण्याचे साधन न विचारता आणून ठेवले, आणि दिवसातून दोनदा महागड्या आवृत्तीची जाहिरात दाखवली. दुसऱ्याने टंकलेखन पुन्हा अडवले. तिसरा शांत होता, परंतु तो पूर्ण तपासणी करू लागला की वर्डची फाइल उघडायला इतका वेळ लागे, की बाबा मध्येच उठून चहा ठेवून येत.

कोणते नाव कोणाचे, हेही या निमित्ताने नीट पाहिले. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. अवास्टने एव्हीजी २०१६ साली विकत घेतली होती आणि अवास्टच नॉर्टनच्या कंपनीत २०२२ साली विलीन झाली. म्हणून ती चार वेगळी मते समजून त्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. अवास्टबाबत आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते: ग्राहकांचा वेबवरील वावर जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जंपशॉट त्याआधीच, २०२० साली, बंद झाली होती. कॅस्परस्कीची पकडण्याची क्षमता चाचण्यांमध्ये सातत्याने उत्तम आली आहे, पण अमेरिकेने २०२४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर तिथल्या ग्राहकांचे अपडेटही थांबले. कारण राजकीय आहे की सुरक्षेचे, यावर वाद होऊ शकतो. माझ्या दृष्टीने मुद्दा असा, की अँटिव्हायरसला संगणकातील प्रत्येक फाइल वाचण्याचा अधिकार असतो, आणि असा अधिकार देताना मालक कोण आणि त्याचे पूर्वीचे वागणे कसे, हे पाहायलाच हवे.

आमच्या पुण्यात अँटिव्हायरस म्हटले की क्विक हीलचे नाव येणारच. कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या कामातून उभी केलेली ही कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. १९९० साली भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस ५ जानेवारीला संगणक अडवून धरी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करवून घेतल्याशिवाय सोडत नसे. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या अशा व्हायरसांच्या त्या दशकात, बिघडलेला संगणक दुरुस्त करणारा माणूसच व्हायरसही काढत असे. ती घडी तालुक्याच्या गावांत अजून टिकून आहे. अँटिव्हायरसचा खोका ज्या दुकानातून घेतला, त्याच दुकानदाराला फोन करायचा आणि तो मराठीत सांगतो ते करायचे. चाचण्यांच्या तक्त्यात या सोयीला रकाना नसतो, पण माझ्या मते तिची किंमत मोठी आहे.

धाकट्या भावाच्या घरी मी याच कारणाने पैसे भरून घेतलेला संच ठेवायला सांगितला. त्याच्या मुलांचे मित्र खेळांच्या फायली पेन ड्राइव्हवर आणतात आणि वहिनी प्रकल्पांच्या प्रती काढायला तोच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेते. एकदा तो परत आला, तेव्हा त्यातील सर्व फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे एकेक किलोबाइटचे शॉर्टकट होते. मूळ फोल्डर तिथेच होते, फक्त लपवलेले. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चाले आणि मग फोल्डर दिसे, त्यामुळे कोणालाच शंका येत नसे. इतक्या हातांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हच्या घरात, पेन ड्राइव्ह लावताच तपासणारा आणि दुकानदाराला ओळखीचा असलेला संच योग्य आहे. फक्त नूतनीकरण आपोआप होण्याची सोय आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली. माझ्या स्वतःच्या कार्डावरून पूर्वी एका कंपनीने दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक रक्कम न विचारता कापली होती, आणि ती परत मिळवायला मला अकरा ईमेल पाठवावे लागले.

बाबांसाठी मात्र मी शेवटी डिफेंडर ठेवला. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या मोफत अँटिव्हायरसला मी गंभीरपणे घेत नसे, आणि ते बरोबरच होते: २०१२च्या अखेरच्या चाचणीत सिक्युरिटी इसेन्शियल्स या त्यांच्या तेव्हाच्या अँटिव्हायरसला एव्ही-टेस्टचे प्रमाणपत्रही मिळाले नव्हते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर त्याच चाचणीत बहुतेकदा अठरापैकी अठरा गुण घेतो. त्याची उणीव अशी, की तो इंटरनेटवरील माहितीवर बराच अवलंबून असतो आणि जोडणी नसताना कमी पडतो. बाबांचे इंटरनेट सहसा जात नाही आणि ते पेन ड्राइव्ह कोणाला देत नाहीत, म्हणून ही उणीव मी स्वीकारली. टंकलेखनाची फाइल मूळ सीडीवरून पुन्हा घेतली आणि तेवढ्या एका फाइलला तपासणीतून सूट दिली. आख्ख्या फोल्डरला किंवा ड्राइव्हला सूट देण्याची चूक करू नये. डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहू न देण्याची सोयही आहे, जी फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसविरुद्ध फार उपयोगी आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करताच टंकलेखनाचा प्रोग्राम पुन्हा अडला, कारण तोही अनोळखी. त्याला परवानगी दिली आणि इतिवृत्तांचे फोल्डर संरक्षित यादीत घातले.

अँटिव्हायरसचे वाचलेले पैसे आणि वर काही घालून संगणकात एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण, बसवली. वर्डची फाइल उघडताना लागणारा तो वेळ मुख्यतः जुन्या हार्ड डिस्कचा होता, हे त्यानंतर कळले. तिसऱ्या संचावर मी थोडा अन्याय केला होता. हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करून विंडोज १० साठीचे वाढीव सुरक्षा अपडेट घेतले. याला मी अँटिव्हायरसच्या निवडीपेक्षाही वर ठेवते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले, तेव्हा त्याला आत येऊ देणारी फट बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध होते.

मुदत संपल्याचे सांगणाऱ्या सूचना नंतरही येतच राहिल्या, आणि त्या अँटिव्हायरसच्या नव्हत्याच. कुठल्याशा संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली होती, बाबांनी 'ओके' दाबले होते आणि तेव्हापासून ब्राउझरच त्या दाखवत होता. ब्राउझरमधील ती परवानगी काढून टाकली. अशा सूचनेतील फोन क्रमांकावर कधीही बोलू नये आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा, हे बाबांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले आहे.

दर शनिवारी ते कपाटातून बाहेरची हार्ड डिस्क काढतात, वाचनालयाचे फोल्डर तिच्यावर उतरवतात आणि डिस्क सोडवून पुन्हा कपाटात ठेवतात. वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. नवे कालनिर्णय भिंतीवर लावल्या दिवशीच त्यांनी त्या तारखेभोवती लाल शाईने गोल केला आणि खाली लिहिले, "नवीन संगणक. आधी मराठी चालते का ते पाहणे."