भूक गेली कुठे?

आज ओपीडीत स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचा पुन्हा तोच प्रश्न: "स्लीव्ह झाल्यापासून भूकच लागत नाही, काही बिघडलंय का?" नाही. भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात बनतं, आणि या शस्त्रक्रियेत जठराचा ७५-८० टक्के भाग काढतात, त्यात नेमका तोच जातो. शिवाय अन्न लहान आतड्यात लवकर उतरतं, म्हणून जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स जास्त वाढतात. नुसत्या डाएटने वजन उतरवलं तर घ्रेलिन उलट वाढतं. (इच्छाशक्तीवर प्रवचन देणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.)

पण भूक नाही म्हणून जेवण टाळू नका. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीतच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आधी पनीर, अंडं, उसळ, भात शेवटी. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास थांबायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत २ तासांचं अंतर ठेवा. बी-१२ कायमचं.

पुढे बऱ्याच जणांची भूक थोडी परतते. तेव्हा घात करतात शेव, बिस्किटं, आइस्क्रीम. तोंडातच विरघळतात, झरझर खाली उतरतात आणि पोट भरल्याचं कळतच नाही.