अठराव्या महिन्याचा रिपोर्ट

सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, समुपदेशक आहे. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर माणसांशी बोलायचं, हे माझं काम. बरीच वर्षं झाली. त्यातला हा एक सोमवार.

ती आली ती पोराला काखेत घेऊन. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती, आजीच्या पदराला धरून उभी. आई-बाप दोघंही गेलेले. एप्रिल २००४ मध्ये मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची उपचारपद्धती, सुरू झाली खरी, पण देशात मोजून आठ केंद्रांवर, आणि तीही सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, दोनशेच्या खाली घसरल्यावर. त्या दोघांपर्यंत ती पोचलीच नाही. मुलांसाठीचा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला, म्हणून ही वाचली. आता ‘टेस्ट अँड ट्रीट’ आहे, निदान झालं की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. २०१७ पासून हे झालं. तोवर आमच्याकडच्या कितीतरी लोकांना ‘अजून थोडे आजारी पडा, मग या’ असंच जणू सांगावं लागायचं.

तिचा नवराही औषधावर आहे. बाधितांच्या वधू-वर मेळाव्यात जमलेलं लग्न. घरात सगळ्यांना ठाऊक, गल्लीत कुणाला नाही. रोज एकच गोळी, तीन औषधं एकत्र असलेली टीएलडी. बाटली खुळखुळते म्हणून ती आत कापूस भरते आणि लेबल नखानं खरवडून टाकते. गोळ्या मात्र मूळ बाटलीतच ठेव, हे मी तिला दर वेळी बजावते.

गरोदरपणात तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला होता. आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपीनचं औषध दिलं. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कागदावरचे पाच गोल रक्तानं भरले होते, तो रिपोर्ट चांगला आला होता. पण शेवटची तपासणी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर जे तयार करतं त्याची, आणि आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात बरेच महिने टिकतात, म्हणून ती अठराव्या महिन्यात. अंगावरचं दूधही तोडून तीन महिने होऊन गेले होते.

“मॅडम, मला बघायचंय,” ती म्हणाली. “माझ्या वेळी मला कुणी दाखवलंच नाही.”

टेक्निशियननं टेबलाशी खुर्ची ओढून दिली. किटवर रक्ताचा थेंब पडला, वर बफर. पोरगं हाताचा कापूस तोंडात घालायला बघत होतं. तिची नजर पट्टीवरून हलेना. ‘सी’पाशी गुलाबी रेघ उमटली; दुसरीही उमटली तर लागण. वेळ संपली तरी तेवढीच.

“एकच?”

“एकच. निगेटिव्ह.”

रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “म्हंजे आता याला आणायला नको ना इथं?” मी म्हटलं, “नको. तू मात्र येत राहायचंस.” “मी कुठं जातेय,” म्हणून हसली.

बाहेर बाकावर टीबी विभागातून पाठवलेला एक माणूस बसला होता. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची असते, हे त्याला दोनदा समजावून झालं होतं. “मला टीबी आहे, तसलं काय नाही,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. हिनं जाता जाता ते ऐकलं. थांबली. “दादा, मी ल्हानपणापास्नं तसलंच औषध खाते. हे माझं पोरगं. ह्याला काय नाही.” मला अडवायलाही वेळ मिळाला नाही. तो उठला आणि चालू लागला.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०२३-२४ च्या आकड्यांनुसार बाधितांपैकी ८१ टक्के लोकांना आपल्याला लागण असल्याचं माहीत आहे, त्यांतले ८८ टक्के औषधावर आहेत, आणि औषधावरच्यांपैकी ९७ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे. बैठकांत शेवटच्या आकड्याचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. असली मुलगी समोर असताना मी कशी नाही म्हणू? पण आमची खरी दमछाक पहिल्या आकड्यापाशी होते, बाकावरून उठून जाणाऱ्यांपाशी.

दोन दिवसांनी टीबी सुपरवायझर त्याला घेऊन आला. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “परवाची ती बाई खरं बोलत होती का?”

दुसऱ्या कुणाचं काहीही मी सांगू शकत नाही, २०१७ चा कायदाच तसा आहे, असं मी त्याला म्हटलं. तुमचाही रिपोर्ट असाच कुणाला कळणार नाही.

त्यावर तो जरा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “सही कुठं करायची?”