सहावा रकाना

माझ्या तक्त्यात पाच रकाने होते: थांबा, वेळ, चढले, उतरले, गाडीत उरले. सोलापूरच्या सिटी बसच्या पुढच्या आराखड्यासाठी प्रवासी मोजायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं होतं आणि त्या दिवशी मला कुंभारीचा मार्ग दिला होता. निघताना आमच्या वरिष्ठांनी सांगितलं, "या मार्गाला भारमान नाही. बहुतेक फेऱ्या कमीच होतील. तरी मोजून ये."

भारमान म्हणजे गाडीतल्या आसनांच्या मानाने प्रवासी किती, याचं शेकड्यातलं प्रमाण. एसटी असो की सिटी बस, मार्ग जगवायचा की बंद करायचा हे बरंचसं या आकड्यावर ठरतं.

सकाळची पहिली फेरी वेळेवर सुटली. अशोक चौक, शांती चौक, मग अक्कलकोट रोडची एमआयडीसी. जाताना गाडीत सहा माणसं. सकाळच्या वेळी शहरातून घरकुलाकडे कोण जाणार? कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल म्हणजे विडी कामगार बायकांची १०,००० घरं, २००६ साली ताब्यात मिळालेली. तिथली माणसं सकाळी उलट्या दिशेने निघतात. परतीला गाडी घरकुलातच भरली. कंडक्टर मामा दारात अडकले होते, तिकिटाचं मशीन डोक्याच्या वर धरून. मी त्या गाडीने आलो नाही. पुढची फेरी तिथूनच पकडून मोजायची, असं माझं ठरलं होतं.

पुढची फेरी ८ वाजून १० मिनिटांची होती. साडेआठ झाले. पावणेनऊला मी डेपोत फोन लावला. गाडीचा क्लच गेला होता, बदली गाडी नव्हती. फेरी रद्द.

बदली गाडी का नसते, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. केंद्राच्या शहरांसाठीच्या नेहरू योजनेतून आलेल्या नव्या गाड्यांच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले आणि त्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून सेवा चालवणाऱ्यांनी उरलेल्या जुन्या गाड्यांवर दिवस काढले आहेत. एक गाडी बिघडली की एक फेरी जाते, इतका सरळ हिशेब.

थांब्यावर तेव्हा तीसएक माणसं होती. टॉवेलच्या कारखान्यात जाणारी दोन पोरं, कॉलेजच्या मुली, धुणीभांड्याला निघालेल्या बायका, आणि विड्यांचे डबे कापडात बांधून उभ्या असलेल्या पाच-सहा जणी. त्यातल्या साठीच्या एक अक्का बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत होत्या.

"काय लिहालाव ओ सर?"

"बसमध्ये किती माणसं चढतात ते मोजतोय, अक्का."

"बसच न्हाई की. मग काय मोजालाव?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यात 'चढले' खाली मी खरोखरच काही लिहिलं नव्हतं, कारण गाडीच आली नव्हती. त्या फेरीचा कागद कोराच जाणार होता आणि नियमाने तो बरोबरच होता.

अक्कांना कारखान्यात माल द्यायचा होता. त्यांच्या कारखान्यात ठरलेल्या वेळेपर्यंतच विड्या मोजून घेतात. चेकर बघतो, खराब निघालेल्या बाजूला काढतो आणि मग उद्याचं पान आणि तंबाखू मिळते. उशीर झाला तर आजचा माल तसाच परत आणि उद्या हाताला काम नाही. "आठवड्यात दोनदा बस आलं न्हाई तर तिसऱ्या दिवशी आमी बघतच न्हाई ओ. रिक्षाला जातो. पैसा जास्त जातंय, पण पान तर मिळतंय." एवढं बोलून त्या भरत आलेल्या शेअर रिक्षात शेवटच्या कडेला बसल्या. डबा मांडीवर.

मी तक्त्याच्या उजव्या बाजूला पेनाने एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'थांबले आणि गेले'. दहा वाजेपर्यंत त्या रकान्यात ७१ खुणा झाल्या. रिक्षाने गेलेले, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेलेले, आणि घरी परत फिरलेल्या तिघी.

दुपारची फेरी मात्र वेळेवर आली. त्यात चौघं होते. ती फेरी नोंदीत गेली, सकाळची गेली नाही. महिनाभर असं चाललं की मार्गाचं भारमान दुपारच्या गाड्यांवरून ठरतं. शिवाय सकाळी गाडी आली तरी निम्मी माणसं आधीच रिक्षाने गेलेली असतात, त्यामुळे तो आकडाही खाली येतो. मग कुणीतरी म्हणतं, इथे प्रवासीच नाहीत.

संध्याकाळी कार्यालयात मी हे सगळं मांडलं. वरिष्ठ चिडले नाहीत, पण त्यांचा प्रश्न योग्य होता: "जो गाडीत बसलाच नाही त्याला आराखड्यात कुठे धरायचा?"

मी फळ्यावर हिशेब मांडला. केंद्राच्या मापदंडात हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असली तर सेवा उत्तम, ०.२ च्या खाली सगळ्यात तळाची. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. उत्तम म्हणायला ५७१ गाड्या हव्यात, तळातून वर यायलाच १९१. पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या विजेवरच्या बसच्या नव्या योजनेत सोलापूरला १०० गाड्या मंजूर आहेत. तेवढ्याच धरल्या तर प्रमाण ०.१. आणि कुंभारी हद्दीबाहेर, म्हणजे ती माणसं या ९.५ लाखांत धरलेलीच नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये त्याच बाजूला रे नगर या कामगारांच्या वसाहतीची पहिली १५,००० घरंही लोकांच्या ताब्यात गेली. शहर अक्कलकोट रोडने बाहेर सरकलंय आणि आपण फेऱ्या कमी करायला निघालोय.

नव्या योजनेत केंद्राची मदत धावलेल्या किलोमीटरवर आहे, १२ मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे २४ रुपये. माझं म्हणणं एवढंच होतं, की यातले पहिले किलोमीटर सकाळी सात ते नऊ घरकुलाकडून शहराकडे द्या, आणि त्या वेळेपुरती एक गाडी चालकासह राखीव उभी ठेवा. दुपारची एक फेरी गेली तरी चालेल. याबाबतीत मी अजूनही ठाम आहे: दिवसाला दहा बेभरवशाच्या फेऱ्यांपेक्षा न चुकणाऱ्या चार जास्त माणसं नेतील.

वरिष्ठांनी बराच वेळ फळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "एका दिवसाच्या मोजणीवर हे कुणी मानणार नाही. आठवडाभर मोज. एक जण गाडीत, एक थांब्यावर." आणि नव्या तक्त्याच्या छपाईत सहावा रकाना घालायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी कुंभारीच्या थांब्यावर होतो. अक्काही होत्या, तोच डबा घेऊन.

"आज येतंय का ओ?"

मी डेपोत फोन करून विचारलं. गाडी सुटली होती, शांती चौक ओलांडून पुढे आली होती. तसं सांगितलं. समोर रिक्षावाला "एक सीट, एक सीट" ओरडत होता. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा कट्ट्यावर ठेवला.