आमची वाटचाल : प्रोसेस सगळ्यांची एक, पण प्रोजेक्ट बघून

चार-पाच माणसं एका खोलीत बसून काम करत होती तोवर प्रोसेस नावाचं काही लिहून ठेवायची गरजच पडली नाही. कुणाचं काही अडलं की खुर्ची वळवून विचारायचं, रिलीज कधी द्यायचा ते तिथल्या तिथे ठरायचं, क्लायंटचा फोन आला की सगळ्यांनाच ऐकू जायचं. मग काम वाढलं, दुसरी टीम झाली, तिसरी झाली, आज आम्ही वीस-बावीस जण आहोत. या वाढीत आमची काम करायची पद्धत एकसारखी कशी होत गेली, आणि तसं होतानाही प्रत्येक प्रोजेक्टला मोकळीक कशी ठेवली, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं, कारण छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवणारे बरेच जण भेटले की हेच विचारतात.

तीन टीम झाल्या तेव्हा प्रत्येकीची आपापली रीत बसलेली होती. एकीत बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार होणारं चालवण्याजोगं सॉफ्टवेअर, सर्व्हरवरून निघायचा, दुसरीत तो एका सीनियरच्या लॅपटॉपवर व्हायचा, तिसरीत आज इथून उद्या तिथून. एक टीम एस्टिमेट तासांत द्यायची, एक दिवसांत, एक स्टोरी पॉइंटमध्ये, म्हणजे कामाच्या आकाराला दिलेल्या गुणांमध्ये. काम तिन्ही टीम चांगलंच करत होत्या, हे आवर्जून सांगतो. पण एका टीममधलं कुणी दुसरीकडे मदतीला गेलं की सुरुवातीचे बरेच दिवस नुसतं कुठे काय ठेवलंय हे शोधण्यात जायचे, आणि माझ्यासमोर तीन प्रोजेक्टची तीन एस्टिमेट आली की ती शेजारी शेजारी ठेवून बघताच यायची नाहीत. त्यातच मेडिकल उपकरणं बनवणारा एक क्लायंट आला आणि त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, तुमची प्रोसेस काय आहे, लेखी दाखवा.

मग वाचायला घेतलं. या विषयात नाव पहिलं येतं ते कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटचं. वॉट्स हम्फ्री यांच्या कामातून तिथे संस्थेची काम करायची पद्धत किती परिपक्व आहे ते लेव्हलमध्ये सांगणारं जे मॉडेल उभं राहिलं ते सीएमएम (कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल), त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि पुढे त्याचंच सीएमएमआय झालं. पाच लेव्हल असतात हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यातलं मोलाचं वाटलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलमधलं अंतर. दुसऱ्या लेव्हलला प्रत्येक प्रोजेक्ट आपापल्या जागी नीट चाललेला असतो पण पद्धत ज्याची त्याची. तिसऱ्या लेव्हलला संस्थेची म्हणून एक ठरलेली प्रोसेस असते, आणि प्रत्येक प्रोजेक्ट त्यातून आपल्याला लागेल तशी प्रोसेस काढून घेतो, ती कशी काढायची याचे नियमही सोबतच लिहिलेले असतात. म्हणजे टेलरिंग, प्रोसेस अशी प्रोजेक्टच्या मापाने बेतून घेणं, ही मागून दिलेली सवलत नाहीये, ती स्टँडर्डचाच भाग आहे. आयएसओ 12207 हे सॉफ्टवेअर लाइफ सायकलचं स्टँडर्ड 1995 साली आलं, त्यातही टेलरिंग कसं करायचं ते दिलेलंच होतं. जर्मनीच्या सरकारी आयटी प्रोजेक्टसाठीचं व्ही-मॉडेल 2005 साली नव्याने आलं त्याच्या नावापुढचं एक्सटी म्हणजे चक्क एक्स्ट्रीम टेलरिंग. आमच्यासारख्यांसाठी तर आयएसओ 29110 ही वेगळी मालिकाच आहे, जास्तीत जास्त 25 माणसांच्या संस्थांसाठी, आणि तिच्या बेसिक प्रोफाइलमध्ये प्रोसेस दोनच, एक प्रोजेक्ट मॅनेजमेंटची आणि एक सॉफ्टवेअर बनवण्याची. छोटी कंपनी चालवणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही स्टँडर्ड लिहायला बसलो तेव्हा तयार टेम्पलेट कुठूनच आणले नाहीत. प्रत्येक टीमसोबत बसलो आणि तुम्ही आज प्रत्यक्षात काय करता तेवढंच विचारून लिहून काढलं, काय करायला हवं हा विषय तेव्हा बाजूलाच ठेवला. तिन्ही कागद भिंतीवर शेजारी लावले तर निम्म्याहून जास्त गोष्टी सगळीकडे सारख्याच निघाल्या, फक्त नावं वेगळी होती. तो आमचा पहिला मसुदा. आपणच करतो ते लिहिलंय म्हटल्यावर कुणी कुरकुर केली नाही, आणि मला वाटतं यातच अर्धं काम झालं.

त्यातल्या काही गोष्टी सक्तीच्या ठेवल्या, त्यांना सूट नाही. कोड व्हर्जन कंट्रोलमध्येच, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये. ज्याने लिहिला त्याच्याशिवाय निदान एका माणसाच्या नजरेखालून तो गेलाच पाहिजे. बिल्ड कुणाच्या मशीनवरून निघणार नाही. प्रत्येक रिलीजला टॅग, म्हणजे ओळखीची खूण, आणि रोलबॅक, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाणं, आधी करून बघितलेला. क्लायंटचा खरा डेटा डेव्हलपरच्या मशीनवर येणार नाही. बस. ही यादी वाढू द्यायची नाही यावर मी अगदी हट्टी आहे, कारण सक्तीच्या गोष्टी पन्नास झाल्या की माणसं त्यातल्या कुठल्या खरंच सक्तीच्या ते स्वतःच ठरवायला लागतात.

बाकी सगळं प्रोजेक्ट बघून. आता प्रोजेक्ट बघून म्हणजे काय बघून, हे लिहिलेलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. ॲलिस्टर कॉकबर्न यांच्या क्रिस्टल पद्धतीत दोन गोष्टी आधी बघतात, टीममध्ये माणसं किती आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर नुकसान कसलं, नुसती गैरसोय, पैसे की जीव. आम्ही हे दोन प्रश्न घेतले आणि स्वतःचे तीन जोडले : रिक्वायरमेंट कितपत पक्की आहे, हे सॉफ्टवेअर पुढे किती वर्षं सांभाळायचंय, आणि एखादा कायदा किंवा स्टँडर्ड पाळणं बंधनकारक आहे का. मेडिकलवाल्या क्लायंटच्या कामात शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. तिथे आयईसी 62304 लागू होतं, 2006 चं स्टँडर्ड, आणि त्यात सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग आहेत, बिघाडाने पेशंटला काय होऊ शकतं त्यावरून. सी म्हणजे मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते असं, तिथे प्रत्येक युनिटचं तपशीलवार डिझाइन लिहावंच लागतं, ए वर्गात ते मागत नाहीत. एवढं कडक स्टँडर्डसुद्धा धोका बघून कामाचं ओझं कमीजास्त करतं, मग आपण सगळ्यांना एकाच दावणीला का बांधायचं!

आमची टेलरिंग शीट एक पानाची आहे. वर त्या पाच प्रश्नांची उत्तरं, खाली तक्ता : स्टँडर्डमधली पायरी कोणती, त्यात बदल काय, कारण काय, त्याऐवजी काय करणार, आणि ही सूट कधी संपते. हा शेवटचा कॉलम आमच्या सगळ्या प्रोसेसमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं मी कुणालाही सांगेन.

दोन उदाहरणं देतो. एका टीमने लिहिलं की आम्हाला मर्ज करण्याआधीचा, म्हणजे कोड मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधीचा, वेगळा कोड रिव्ह्यू नको, कारण आम्ही पेअर प्रोग्रामिंग करतो, दोघं मिळूनच लिहितो. मुद्दा बरोबर होता, दुसरी नजर लिहितानाच पडतेय. सूट दिली. शेवटच्या कॉलममध्ये लिहिलं, जोडीतला एक जण रजेवर असेल त्या दिवशी ही सूट नाही. आता हे वाचायला फार साधं वाटतं, पण नेमक्या त्या रजेच्या दिवशीच एकट्याने लिहिलेला कोड कुणीही न बघता पुढे जातो, आणि हे आधीच लिहिलेलं असल्यामुळे त्या दिवशी वाद घालायला जागाच उरत नाही.

दुसरं एका प्रोटोटाइपचं. क्लायंटला नुसतं बघायचं होतं की कल्पना चालते का, म्हणून डिझाइन डॉक्युमेंट नाही, ऑटोमेटेड टेस्ट नाहीत, सगळी सूट. सूट कधी संपते : हा कोड खऱ्या युजरसमोर जाणार असं ठरलं की त्याच दिवशी. आणि झालंही तसंच, क्लायंटला डेमो इतका आवडला की तो म्हणाला हेच लाइव्ह करूया. प्रोजेक्ट लीडने शीट उघडून दाखवली, ही सूट संपली, आता टेस्ट आणि डिझाइनचा वेळ धरून नवीन एस्टिमेट देतो. क्लायंटने सुरुवातीला स्वतःच त्या शीटवर होकार दिलेला असल्यामुळे बोलणं दहा मिनिटांत संपलं. हेच ऐनवेळी तोंडी सांगायचं असतं तर कसं झालं असतं याचा अंदाज हे काम करणाऱ्या कुणालाही येईल.

शीट मंजूर कोण करतं हेही महत्त्वाचं आहे. मोठ्या कंपन्यांत प्रोसेस सांभाळणारा एसईपीजी (सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग प्रोसेस ग्रुप) नावाचा वेगळा ग्रुप असतो, आम्हाला ते परवडणारं नाही, म्हणून आमचा तिघांचा गट आहे, एक डेव्हलपर, एक टेस्टर, एक लीड, आणि ठरावीक काळाने माणसं बदलतात. मी त्यात नाही आणि मुद्दामच नाही, कारण मालकाच्या डोक्यात डेडलाइन आणि पेमेंट आधी येतं आणि सही त्या भरात होते.

तरुण मुलांनी मध्ये एक प्रश्न विचारला होता, सर आपण अजाइल आहोत ना, मग हे स्टँडर्ड वगैरे कशाला. चांगला प्रश्न होता म्हणून सगळ्यांसमोर त्यावर बोललो. अजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत काम करायची रीत. तिच्या 2001 च्या मॅनिफेस्टोत, म्हणजे जाहीरनाम्यात, माणसं आणि त्यांच्यातला संवाद प्रोसेसपेक्षा वरचा मानलाय हे खरं, पण प्रोसेसला किंमत नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, उलट टीमने ठरावीक काळाने थांबून आपली पद्धत सुधारत राहावी हे त्यांच्या तत्त्वांमध्येच आहे, आमची शीट म्हणजे तेच, फक्त लिहून. मात्र एक गोष्ट आम्ही काटेकोर पाळतो. स्क्रम ही अजाइलमधलीच एक पद्धत, तिच्या 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्क्रमचे काही भागच घेतले तर तुम्ही जे करताय ते स्क्रम नव्हे. म्हणून एखादी टीम स्प्रिंट (ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे) पाळते पण रेट्रोस्पेक्टिव्ह (टप्प्याच्या शेवटी आपल्या पद्धतीचा आढावा) करत नाही, तर आम्ही क्लायंटला स्क्रम करतो असं सांगत नाही, काय करतो तेच सांगतो.

या शीटचा मोठा फायदा मला नंतर कळला. दर काही महिन्यांनी तो तिघांचा गट सगळ्या शीट एकत्र काढून बघतो. एकच सूट सगळेच मागत असतील तर चूक प्रोजेक्टची नसते, स्टँडर्डमधली ती पायरीच काढून टाकायला झालेली असते. आठवड्याचा वर्डमधला स्टेटस रिपोर्ट असाच गेला, प्रत्येक टीमने त्याऐवजी कुठलं काम कुठवर आलंय ते दाखवणाऱ्या बोर्डची लिंक देतो असं लिहिलं होतं, क्लायंटही बोर्डच बघत होते. उलट दिशेनेही झालंय. एका टीमने डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) आधी प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या डेटाबेसच्याच आकाराच्या, पण नावं-नंबर बदललेल्या कॉपीवर चालवून बघायची पायरी स्वतःहून जोडली होती. छोट्या टेस्ट डेटावर क्षणात होणारं मायग्रेशन खऱ्या आकाराला टेबल किती वेळ लॉक करून ठेवतं ते त्यात आधीच दिसायचं. ती पायरी आता सगळ्यांच्या स्टँडर्डमध्ये आहे, आणि ती कुठल्या टीमकडून आली हे तिथे लिहिलेलं आहे.

तपासणीही आम्ही एकमेकांचीच करतो. दुसऱ्या टीममधलं कुणीतरी येतं, शेवटच्या रिलीजमधला कुठलाही एक बदल उचलतं आणि मागे मागे जातं : हा कुणी मागितला, कुठे लिहिलंय, कुणी तपासला, टेस्ट कुठली. दुवा तुटला की तिथे थांबून बोलायचं. फायलींचे ढीग मागायचे नाहीत. आणि एका टीमचे आकडे दुसरीशी लावून बक्षीस किंवा बोलणी असला प्रकार नाही, तसं केलं की माणसं आकडे सांभाळतात आणि काम राहतं.

सध्या मशीन लर्निंगचं एक काम आलंय आणि त्यात आमची टेस्टिंगची पायरी जशीच्या तशी बसत नाही, कारण उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर भागत नाही, किती वेळा बरोबर आणि कुठल्या प्रकारच्या डेटावर, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. शिवाय कोड लिहून देणारी एआय टूल्स सगळेच वापरायला लागलेत, तर असा कोड कुणाच्या नावावर धरायचा आणि रिव्ह्यू कुणी करायचा हाही प्रश्न आहे. तूर्तास ज्याने टूल वापरलं तोच लेखक, म्हणजे बघणारा दुसरा हवा, असं त्या प्रोजेक्टच्या शीटवर लिहिलंय, आणि शेवटच्या कॉलममध्ये, पुढच्या आढाव्यापर्यंत.