रुळांच्या वाटेवर रिले दौड

माझी भाची अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. आज तिच्या गावच्या लोकांची एल्रॉय-स्पार्टा मार्गावर रिले दौड होती. संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सगळे व्हिडिओ कॉलला चिकटून बसलो होतो. बंद पडलेल्या रेल्वेची ही वाट तिथे १९६०च्या दशकातच सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी खुली झाली. सुमारे ५१ किलोमीटर, मध्ये तीन बोगदे. सगळ्यात लांब बोगदा किलोमीटरहून मोठा, आत दिवे नाहीत, वरून पाणी ठिबकतं. भाचीच्या वाट्याला नेमका तोच! हातात टॉर्च घेऊन धावली पोरगी. बाहेर आल्याचं कळलं तेव्हा आईने इथे टाळ्या वाजवल्या.

मग आपली ग्वाल्हेरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी रेल्वे, आठवलीच. माधवराव शिंदे महाराजांच्या काळातली, जेमतेम दोन फुटी रुळांवरून श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जाणारी. २०२०मध्ये ती थांबली. तिच्या जागी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची गाडी, हवीच, सबलगढ-श्योपूरच्या लोकांचा तो हक्क आहे. पण शहरातल्या जुन्या पट्ट्यावर कडेने झाडं आणि पायवाट झाली तर? मला मनापासून वाटतं, व्हावी.

ग्वाल्हेरकरांनो, रविवारी सकाळी नॅरोगेजच्या घोसीपुरा स्टेशनाकडून चालत बघून येऊ या का? कोण कोण येतंय, सांगा.