बापूले आठेच ऱ्हाऊ द्या

मंगळवार, रात्र

आबांचं बोलणं काही केल्या डोक्यातून जात नाही. दुपारी बापूला, माझ्या डाऊन सिंड्रोम असलेल्या दिराला, घ्यायला आबांच्या चहाच्या टपरीवर गेले होते. मंगळवार म्हणून आमच्या अमळनेरच्या मंगळग्रह मंदिराकडे जाणाऱ्यांची ही गर्दी, आबांना मान वर करायला फुरसत नाही. चहा गाळता गाळताच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा नाशिकले. बापूले आठेच ऱ्हाऊ द्या. मी देखसू ना त्याले."

मी "बघू" म्हटलं, बापूचा हात धरला आणि निघाले. घर येईस्तोवर डोळे भरून आले होते. एवढं काय लागलं, ते समजत नाही, म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय.

आधी रागच आला. बोलायला काय जातं? सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी कोण देणार? गोळीनंतर अर्धा तास चहा नाही म्हटलं की तो तोंड फुगवून भिंतीकडे वळतो, तेवढा वेळ त्याला गप्पांत कोण गुंतवणार? त्याची कातडी कोरडी, थंडीत टाचा फुटतात, रात्री तेल चोळून मोजे कोण चढवणार? दिवसा दोन-तीन तास टपरीवर बसवणं वेगळं आणि माणूस सांभाळणं वेगळं. मनातल्या मनात आबांना हे सगळं ऐकवून झालं. तरी लागलं ते लागलंच.

कारण ते उगाच बोलले नाहीत, हे मलाही माहीत आहे. बापू त्यांच्याकडे ग्लास गोळा करतो. तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास बसतात. पाच आले आणि एक खण रिकामा राहिला तर तो स्टँड उचलत नाही. ज्याच्या हातात सहावा ग्लास आहे त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. नवखं गिऱ्हाईक गडबडतं, भराभर घोट घ्यायला लागतं. आबा लांबूनच सांगतात, "प्या निवांत, बापू थांबस." मग ग्लास आला की तो खणात ठेवायचा, बोटाने दाबून बघायचा, मगच स्टँड उचलायचा. कामात इतकं चोख माणूस मी आमच्या ऑफिसातही पाहिलेलं नाही.

आणि त्याचं बोलणं. जीभ जड, शब्द अर्धे, आणि जे काही आहे ते अहिराणीतच. घरच्यांना कळतं, आबांना कळतं, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना कळतं. साहित्य संमेलनाच्या वेळी, २०२४ च्या फेब्रुवारीत, ग्रंथदिंडीत तो आमच्या हातून सुटला होता. माझा जीव खालीवर. कोणा अनोळखी बाईने त्याला थेट घरी आणून सोडलं, म्हणाली, "बापू ना तुमचे, वळखस मी." ही बाई कोण, ते मला आजही माहीत नाही.

गाव म्हणजे फक्त अशी माणसं, असंही नाही. वरातीत बँडपुढे त्याला नाचवून मोबाईलवर शूटिंग करणारी पोरं याच गावची. त्याच्या तोंडात गुटखा कोंबणाराही इथलाच. कोणी "शेवटी आपलं गाव ते आपलं गाव" म्हणालं की मला आधी तो दिवस आठवतो. त्यामुळे मी काही गाव सोडायचं म्हणून रडत नाहीये. मग कशासाठी?

ह्यांची नाशिकची बदली आता रद्द होणार नाही. शनिवारी रात्री धुळ्यावरून दमून येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. आईंचा दुसरा डोळाही गेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हाला पहिल्या डोळ्याच्या वेळीच सांगितलं होतं. आणि बापू चाळिशीला टेकलाय. डॉक्टरांनी मागच्या वेळी फार शांतपणे समजावलं. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं, ते ज्याच्यापासून बनतं त्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर. म्हणून या माणसांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत ते साचायला लागलेलं असतंच, लक्षणं मात्र कोणाला आधी दिसतात, कोणाला बऱ्याच उशिरा. "जागा बदलायची असेल तर आता बदला," ते म्हणाले. "पुढे नवीन रस्ता, नवीन माणसं शिकणं त्याला जड जाईल."

म्हणजे थांबायचं म्हटलं तर तेही नाही.

कागदावर मांडलं तर नाशिक जिंकतं. मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, डोळ्यांचे मोठे दवाखाने आहेत. मतिमंदांसाठीचं काम तिथे जुनं. प्रबोधिनीची शाळा सत्तरच्या दशकातली. शाळा तशी अठरा वर्षांपर्यंतच, पण पुढे कार्यशाळा तरी असतात. इथे त्याच्या वयाच्या माणसासाठी आबांची टपरी सोडून मला दुसरं काही सापडलं नाही. कागदपत्रांचं ओझं नाही. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड देशभर चालतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीपुढे बसून ह्यांच्या नावाने बापूचं पालकत्व घेतलंय. निरामय योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. सगळं एका फाईलमध्ये मावतं आणि फाईल कुठेही नेता येते.

जळगावचाही विचार केला. गाडीने तासाभराचा रस्ता, जिल्हा तोच, २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय. पण हे तिकडे नाशिकला ते नाशिकलाच राहणार, आणि मेमधल्या पंचेचाळीस अंशांत या दोघांना घेऊन चौथ्या मजल्यावर... नको. पोरगी पुण्याला या म्हणते. तिचं वेगळं आहे.

इंदिरानगरचा फ्लॅट ह्यांना पसंत आहे. तिसरा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. बघायला गेलो तेव्हा लिफ्टमध्ये मी डोळे मिटून बटणांवर बोट फिरवलं. गुळगुळीत काच. तीन कुठे, तळमजला कुठे, काही लागलं नाही; उलट हात फिरला तशी भलतीच बटणं पेटत गेली आणि आम्ही पाचव्या मजल्यावर पोचलो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेबद्दल पानंच्या पानं आहेत. आईंना ब्रेलही नको, नुसती वर आलेली बटणं पुरली असती. इथे त्या न्हाणीपासून देवघरापर्यंत भिंतीला हात लावत जातात. खांबाशी आल्या की वळतात. चुलीवरचं काय उतू जातंय ते त्यांना माझ्याआधी कळतं. तिथे त्यांचा दिवस कसा जाईल, ते मी ह्यांच्याजवळ बोलले नाही.

हे बोलता बोलता म्हणाले, "तुला काय वाटतं?" आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. तो प्रश्न तिथेच राहिला. मला काय वाटतं! शहाद्याहून लग्न होऊन आले तेव्हा कुठे विचारलं होतं? आईंची सोय बघा, बापूची बघा, ह्यांच्या ऑफिसची, पोरीच्या कॉलेजची. माझी इथली नोकरी, माझी भजनातली मंडळी, पाण्याच्या दिवशी माझ्याही हंड्यावर लक्ष ठेवणारी समोरची वहिनी, यातलं काहीच कोणाच्या हिशेबात नाही. घर बदलताना जड सामान कोणतं, एवढंच सगळ्यांना दिसतं. मी हलकी. मला कशातही टाकता येतं.

असो. हे लिहून झालं ते बरं झालं.

आबांचं परत आठवतंय. त्यांनी "बापूले" म्हटलं. आईंबद्दल, माझ्याबद्दल काही नाही, बापूच हवा. इतकी वर्षं मी धरून चालले होते की बापूला आमच्याशिवाय कोणी मागणार नाही. आम्ही आहोत तोवर आहोत, मग पुढे काय, या एका काळजीवर मी रात्रीच्या रात्री काढल्यात. आणि एक माणूस भर गर्दीत सरळ त्याला मागून मोकळा होतो! मला राग आला तो याचा का? की आनंद झाला आणि तो कुठे ठेवायचा ते कळलं नाही? कारण नाशिकला गेलो की परत बापू फक्त आमचा. तिथल्या बाईला तो अमक्या मजल्यावरचा 'तसा' माणूस. गर्दीत हात सुटला तर घरी कोण आणेल?

पण आबाही साठीच्या पुढे गेलेत. किटली उचलताना त्यांचा हात थरथरतो, ते मी आज पाहिलं. टपरी रस्त्याच्या कडेची, उद्या रुंदीकरण निघालं तर ती कुठे असेल? त्यांच्या भरवशावर बापूला ठेवायचं म्हणजे त्यांच्या म्हातारपणावर आमचं ओझं टाकायचं. त्यांचं मन मोठं आहे म्हणून मी ते घ्यायचं का? नाही.

संध्याकाळी बापूलाच विचारलं. तोवर आम्ही सगळे सगळं त्याच्यासमोर बोललो होतो आणि त्याच्याशी कोणीच बोललं नव्हतं. "बापू, नाशिकले जाऊत?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गिलास कोन?" ग्लास कोण गोळा करणार. मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या केसांना तेल लावत बसले.

आई बाजेवर होत्या, सगळं ऐकत होत्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "तठे कानबाई बसस का?"

आमची खान्देशची देवी कानबाई तिथेही बसते की. सिडकोत, सातपूरला आपल्याकडची इतकी माणसं आहेत की श्रावणात विसर्जनाला गल्लोगल्ली बँड लागतात. मी सांगितलं. आई म्हणाल्या, "मंग बापूनी मूठ तठे टाकसूत."

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची आमची रीत. आई एकेक नाव मोठ्याने घेतात. बापूचं तर जरा जास्तच मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. कार्डावर पंचाहत्तर टक्के अपंगत्व लिहिलेला बापू तिथे ह्यांच्याएवढाच, सव्वा मूठ. आईंच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. त्यांना माझ्याहून जास्त सोडून जायचंय, आणि त्या मला म्हणतात, जा, आता पोळ्या कर.

मीही उठले. पोळ्या करता करता डोकं जरा शांत झालं. सुविधा बघून घर निवडायचं ठरवलं म्हणून आम्ही इंदिरानगरला पोचलो. आधी माणसं बघायला हवीत. सिडकोतल्या जुन्या चाळीवजा घरांत, जिथे ओट्यावर बायका बसतात आणि कोणाशी तरी अहिराणीत बोलता येईल, तिथे. मागे-पुढे एखादी चहाची टपरी हवी, आणि तिच्यावरचा माणूस घाई न करणारा हवा. असा माणूस लगेच मिळणार नाही. ह्यांनी ऑफिस सुटल्यावर रोज तिथे चहा प्यावा, बघावं. कार्यशाळेत जागा मिळाली तर उत्तमच, पण ती दुपारपर्यंत. पुढच्या वेळेचं काय, तेही बघायला हवं.

जेवणं झाल्यावर ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. आईंनी मध्येच फोन मागून घेतला. तळमजला हवा. दार आत उघडणारं हवं. आणि उंबरा हवा; पायाला उंबरा लागला की दार आलं ते कळतं. हल्ली नव्या घरांत उंबरे काढून टाकतात, चाकाच्या खुर्चीवाल्यांची सोय म्हणून, तेही खरंच आहे. पण आमच्या घरात उंबरा लागेल. हे म्हणाले, भाडं बारा हजारांच्या आत बसायला हवं. बसवू.

शनिवारी हे येणार नाहीत. आम्हीच जाणार, दोन घरं बघायची आहेत. एसटीत बापूला सवलत आहे, मला अर्धं तिकीट. आई समोरच्या वहिनीकडे राहतील. घर बापूला दाखवल्याशिवाय डिपॉझिट द्यायचं नाही, असं मी ह्यांना सांगितलंय.